कापूस तंतूची संरचना व पक्वता : चकलांबा परिसराच्या संदर्भात

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेतून वाढलेली एकच पेशी होय. फुलोऱ्यानंतर सुमारे तीन आठवडे ती प्रामुख्याने लांब होते; पुढे बोंड फुटेपर्यंत तिच्या भित्तीत आतून सेल्युलोजचे थर साचतात. लांबी आधी व जाडी नंतर ठरत असल्याने गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पावसाने उत्तरार्धात ओढ दिल्यास तंतू पुरेसा लांब असूनही पातळ भित्तीचा राहतो. पक्व तंतू वाळताना पिळदार होतो व सुतात एकमेकांना धरून राहतो. अपक्व तंतू फितीसारखा चपटतो, त्याच्या गाठी होतात, रंगही फिका चढतो. व्यापारी चिमटीत कापूस ओढून लांबी अजमावतो. भित्तीची जाडी अशी कळत नाही. त्यासाठी मायक्रोनेअर मोजतात. बन्नी-ब्रह्मा प्रकारास हमीभावाच्या निकषांत ३.५ ते ४.३ ही मर्यादा आहे. परंतु हे मापन हवेच्या प्रवाहास होणाऱ्या अडथळ्यावर आधारलेले असल्याने तलम पण पक्व आणि जाड पण अपक्व तंतूंचा आकडा सारखाच येऊ शकतो. केवळ कमी आकड्यावरून माल हलका ठरविणे म्हणूनच शास्त्रीय नव्हे; पक्वतेची स्वतंत्र चाचणी हवी. फरदडीच्या कापसात अपक्व तंतूंचे प्रमाण बहुधा अधिक असते. तो पहिल्या वेचणीत मिसळल्यास चांगल्या मालाचाही भाव पडतो.