तळणीचे तेल आणि समुद्राचे तेल

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन इंधनतेल समुद्रात सांडले, तिवरांची मुळे काळवंडली आणि मासळीबाजारात गिऱ्हाईक कचरू लागले. पुढच्याच वर्षी ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचे जहाज मुंबईनजीक बुडाले व पुन्हा तवंग पसरला.

असे तेल पांगविण्यासाठी रसायने फवारली जातात. परंतु तेल दृष्टीआड झाले तरी उथळ पाण्यातील मासळीला या उपायाचा त्रास होऊ शकतो. काही जिवाणू मात्र स्वतःच साबणासारखे द्रव्य निर्माण करतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. तवंगाचे सूक्ष्म थेंब होतात आणि तेलभक्षक जिवाणूंना ते पचविणे सुलभ जाते. विशेष म्हणजे हे द्रव्य तयार करणाऱ्या जिवाणूंना उसाची मळी, पनीरचे पाणी किंवा तळणीतले जळके तेलही खाद्य म्हणून चालते.

मग घाटकोपर-मुलुंडच्या वडापावच्या गाड्यांवरील तेलातून समुद्र का स्वच्छ होऊ नये? येथे अर्थशास्त्र आडवे येते. टाकाऊ वस्तू फुकट असते, हा भ्रम आहे. ती गोळा करण्यास पैसा लागतो. शिवाय 2018 पासून वापरलेल्या खाद्यतेलापासून जैवडिझेल करण्याची सरकारी योजना असल्याने या तेलाला दुसरेही गिऱ्हाईक आहे. फेसातून शुद्ध द्रव्य वेगळे काढणे तर अधिकच खर्चाचे. आणि समुद्रावरील तेलासाठी मागणी येते ती केवळ अपघाताच्या दिवशी! अशा बाजारपेठेच्या भरवशावर कोणता उद्योजक कारखाना उभारील?

म्हणून कायमचा ग्राहक शासनानेच व्हावयास हवे. ‘रॅक कॅरियर’ प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने 100 कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला, तो 2016 मध्ये, म्हणजे अपघातानंतर पाच वर्षांनी. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व योग्यच. पण ती किंमत आधी वसूल झाली तरच उपयोग. बंदराच्या महसुलातील निश्चित हिस्सा अशा द्रव्याच्या खरेदीसाठी व साठ्यासाठी राखून ठेवावा.

अन्यथा जहाजमालकाचा खर्च वाचतो आणि तो कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यातून वसूल होतो. हा व्यवहार कोणत्याही हिशेबवहीत लिहिला जात नाही, एवढेच.