दिवा का लागत नाही? : मोटारसायकलच्या पुढील दिव्याचा दोषशोध

मोटारसायकलचा पुढील दिवा बंद पडला की बहुतेकांचा पहिला उपाय बल्ब बदलण्याचा असतो. पुष्कळदा तो लागू पडतो. कारण बल्बमधील तंतू जळणे हा या दिव्याचा नेहमीचा दोष होय. परंतु नव्या बल्बनेही दिवा लागला नाही, म्हणजे फ्यूज, खटका, तारा अशी एकेक वस्तू बदलण्याचा क्रम सुरू होतो; आणि दिवा लागला तरी दोष नेमका कोठे होता, हे अखेरपर्यंत कळत नाही. वस्तुतः दोषशोध म्हणजे निरीक्षणांची तुलना करून काढलेले अनुमान होय. ही तर्कपद्धती भाषेच्या अभ्यासकाला परकी नाही. हॅलोजन बल्ब असलेल्या व बॅटरीवर चालणाऱ्या दिव्याच्या आधारे तिचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम विद्युत्प्रवाहाचा मार्ग पाहू. प्रवाह १२ व्होल्टच्या बॅटरीतून निघून फ्यूज, किल्लीचा खटका, दिव्याचा खटका व ‘अप्पर-डिप्पर’ यांतून बल्बपर्यंत येतो आणि सांगाड्याच्या वाटेने बॅटरीकडे परततो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेतोवर जळत राहणे बंधनकारक झाले; त्यामुळे अशा गाड्यांत दिव्याचा स्वतंत्र खटका सहसा नसतो. काही जुन्या गाड्यांत दिव्याला वीज बॅटरीतून न मिळता थेट मॅग्नेटोतून मिळते. तेथे इंजिन बंद असता दिवा न लागणे किंवा इंजिन मंद चालत असता तो मंदावणे, हा दोष मानता येणार नाही.

यानंतर तक्रारीचे क्रियापद तपासावे. दिवा ‘लागत नाही’, ‘मंद लागतो’, ‘लुकलुकतो’ आणि ‘वारंवार उडतो’ ही चार विधाने एकाच दोषाची चार वर्णने नव्हेत. पहिल्यात मार्ग कोठेतरी तुटलेला असतो. दुसऱ्यात मार्ग अखंड असला तरी त्यात अवाजवी रोध असतो. तिसऱ्यात एखादा जोड सैल असून तो धक्क्याने जुळतो व सुटतो. चौथ्यात बहुधा विद्युद्दाब प्रमाणाबाहेर असतो. ‘दिवा गेला’ एवढे मोघम विधान हा सर्व भेद पुसून टाकते.

तक्रार निश्चित झाल्यावर तुलनेचे काम येते. ‘माल’ आणि ‘माळ’ या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक आहे. म्हणून अर्थभेदाचे कारण त्या ध्वनीतच शोधावे लागते. अशा जोडीला आपण लघुतम युग्म म्हणतो. दिव्याचे जवळचे आणि दूरचे झोत हेही असेच युग्म आहे. दूरचा झोत लागतो व जवळचा लागत नाही, एवढ्या एका निरीक्षणाने बॅटरी, किल्लीचा खटका आणि परतीची वाट हा दोहोंचा समाईक भाग निर्दोष ठरतो. संशय उरतो तो जवळच्या झोताचा तंतू, अप्पर-डिप्परमधील त्याचा संपर्क, त्याची तार आणि, असल्यास, त्याचा स्वतंत्र फ्यूज यांच्यावर. दोन्ही झोत बंद असल्यास मात्र तत्काळ समाईक भागाकडे वळू नये. पुष्कळदा एक तंतू पूर्वीच जळलेला असतो व दुसरा जळेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तंतू शाबूत असेल, तर मीटर घेऊन मार्गाच्या मध्यावर दाब मोजावा. तेथे दाब मिळाला तर दोष पुढे, न मिळाला तर मागे. अशा रीतीने प्रत्येक मापनागणिक शोधाचे क्षेत्र निम्मे होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बल्ब काढून होल्डरवर दाब मोजल्यास गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसू शकतात. कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. ६० वॉटच्या तंतूला मात्र सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो, आणि तो भार घेताच त्या जोडावर दाब खचतो. म्हणून मापन बल्ब जोडलेला ठेवूनच करावे. शब्दाची परीक्षा जशी कोशात न होता वाक्यात होते, तशी जोडाची परीक्षा भाराखाली होते.

मंद दिव्याच्या बाबतीत परतीच्या वाटेकडे विशेष लक्ष द्यावे. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाचा आशयवाचक ‘अर्थ’शी संबंध नाही, परंतु तो गेल्यास दिवा निरर्थक होतो हे खरे. सांगाड्यावरील रंग वा गंज यांमुळे ही वाट अडते. दाब १० टक्क्यांनी घटला, तर तंतूचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. रात्रीच्या रस्त्यावर हा फरक क्षुल्लक नव्हे.

बल्ब वारंवार उडत असल्यास इंजिनाचा वेग वाढवून बॅटरीवरील दाब पाहावा. तो १५ व्होल्टच्या वर जात असेल, तर दोष बहुधा रेग्युलेटरचा असतो. बल्ब हा त्याचा केवळ बळी होय. बसविताना हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लागले, तर त्या तेलकट डागानेही त्याचे आयुष्य घटते. फ्यूज पुनःपुन्हा उडत असल्यास अधिक अँपिअरचा फ्यूज अथवा तारेचा तुकडा बसविणे हा सर्वांत घातक उपाय होय. तार कोठे घासून सांगाड्याला टेकते आहे, हे फ्यूज सांगत असतो. त्याला गप्प केल्यास पुढची सूचना जळत्या तारेकडूनच मिळते.

तात्पर्य, वस्तू बदलून दिवा लागला, एवढ्यावर दोष सापडला असे मानू नये. नव्या वस्तूच्या जागी जुनी पुन्हा बसवावी. दिवा पुन्हा बंद झाला, तरच अनुमान सिद्ध झाले. तो तसाच जळत राहिला, तर दोष त्या वस्तूत नसून हात लागताना हललेल्या एखाद्या जोडात आहे, आणि तो अद्याप शोधावयाचा आहे.