टिअर स्पर्धेत नावापेक्षा संधी पाहा

अमेरिकेच्या एनएफएल सामन्यांवर खेळल्या जाणाऱ्या फॅन्टसी फुटबॉलमध्ये 'टिअर' हा साप्ताहिक प्रकार नवख्याला सर्वांत सोपा. इथे खेळाडूंचा लिलाव नाही की पगाराची मर्यादा नाही. त्या आठवड्याचे खेळाडू तोडीनुसार श्रेणींत विभागलेले असतात; प्रत्येक श्रेणीतून ठरलेल्या संख्येने खेळाडू निवडायचे आणि प्रत्यक्ष मैदानावरच्या कामगिरीवरून गुण मोजायचे. बहुतेक ठिकाणी धावून किंवा झेलून केलेल्या टचडाउनला ६ आणि अशा दर १० यार्डांना १ गुण मिळतो. नावाजलेलाच खेळाडू घ्यावा हा मोह मात्र फसवतो, कारण नावाचा हिशेब श्रेणी पाडतानाच झालेला असतो. पाहायची ती संधी: गेल्या काही सामन्यांत चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला, आणि या आठवड्याचा प्रतिस्पर्धी बचावात कुठे दुबळा आहे.

कोणी म्हणेल, शेवटी सगळे नशीबच. टचडाउनपुरते ते बरेचसे खरे आहे. एका आठवड्यात दोन होतात, पुढच्यात एकही नाही. पण चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हा प्रशिक्षकांचा निर्णय, आणि तो सहसा इतका डळमळत नाही. दुखापत तेवढी सारे गणित उलटवते. म्हणून निवड बदलण्याची मुभा असेल, तर सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होणारी न खेळणाऱ्यांची यादी जरूर पाहा. भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे; तेव्हा मित्रमंडळींत, बिनपैशांचाच डाव मांडा.