पाच खडे, दोन हात



गेल्या हिवाळ्यात पाय घसरून पडले आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाले तेव्हा हाड जुळले होते, पण बोटे लाकडासारखी ताठ झाली होती. नर्स म्हणून जन्मभर दुसऱ्यांना "बोटे हलवत राहा" असे बजावणारी मी, स्वतः मात्र व्यायामाचा कंटाळा करीत होते.

त्याच सुमारास माझी सहा वर्षांची नात चार दिवस राहायला आली. शाळेत मधल्या सुट्टीत मुली 'हमेश अवानीम' खेळतात. हिला झेल जमत नाही, म्हणून हिला कोणी खेळायला घेत नव्हते. रडवेल्या तोंडाने तिने धातूचे पाच चौकोनी खडे माझ्यापुढे ठेवले. मला हसू आले. अहो, हे तर आपले सागरगोटे! रेवदंड्याला कुंपणावरच्या काटेरी शेंगांतून त्या करड्या, गुळगुळीत बिया काढून आम्ही ओटीवर तासन् तास खेळायचो.

पहिल्या दिवशी मी चूक केली. एकदम सगळा खेळ दाखवला. खडे माझ्याही हातून सुटले, तिच्याही. ती रुसून उठली. रात्री विचार केला: अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला आपण एकदम चालायला लावत होतो का? आधी बसवायचे, मग उभे करायचे. लहान मुलाचेही तसेच.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दुहेरी घडीचा टॉवेल पसरला, म्हणजे खडे उसळत नाहीत, आणि या क्रमाने शिकवले:

१. मोज्याची गुंडाळी दोन्ही हातांनी डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवून दोन्ही हातांनी झेलायची.

२. मग तीच एका हाताने. जमले की मोज्याच्या जागी खडा.

३. खडा वर असताना त्याच हाताने टेबलावर थाप मारायची आणि झेलायचा. पूर्ण एक दिवस आम्ही एवढेच केले.

४. थापेऐवजी खाली ठेवलेला एक खडा उचलायचा. उचलायचा खडा आधी पाहून ठेवायचा. उडवल्यावर नजर वरच्या खड्यावर.

५. शेवटी खाली चार खडे पसरायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम.

तिला मराठी येत नाही आणि माझे हिब्रू दवाखान्यातले. पण "एक, दोन, तीन, चार" ती माझ्याबरोबर मोजू लागली. झेल सुटला की "अरे देवा!" म्हणायलाही शिकली.

आणि माझी बोटे? एक खडा तळहातात धरून दुसरा चिमटीत उचलायचा, हाच तर माझ्या थेरपिस्टने सांगितलेला व्यायाम होता. एकटीने पाच मिनिटे होत नव्हता; नातीबरोबर अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. याने संधिवात बरा होतो असे मी म्हणणार नाही. पण न वापरलेली बोटे आखडतात, हे नक्की.

काही गोष्टी सांभाळा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती खडे अजिबात देऊ नका, घशात अडकतात. घरात तान्हे असेल तर खेळ संपल्यावर पाचही मोजून डब्यात ठेवा. चार-पाच वर्षांच्या मुलांना मोजाच पुरे. आपण खाली बसू नये, खुर्ची-टेबल घ्यावे. आधी हात कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवावा. सांधा सुजून गरम झाला असेल तर त्या दिवशी विश्रांती. नुकतेच हाड मोडले असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

आणि एक लक्षात ठेवा. ताठ बोटांतून खडा सुटणे वेगळे. एकाएकी एका हातातली शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर "थोडे पडून बघते" म्हणू नका. लगेच १०१ वर फोन करा.

पुढच्या सुट्टीत नात परत आली. शाळेत तिला खेळायला घेतात की नाही, हे मी विचारले नाही. तिचे खडे मैत्रिणीकडे राहिले होते, एवढेच तिने सांगितले. मग आम्ही मोजेच घेऊन बसलो.