घाटात गाडी तापते तेव्हा ती काय सांगत असते?

काणकोणहून पोळेची सीमा ओलांडायची, कारवारहून काळी नदीच्या काठाने कद्रा गाठायचे आणि अणशीचा घाट चढून कुंभारवाड्यामार्गे उळवीला पोहोचायचे. चन्नबसवण्णांच्या समाधिस्थानी माघात जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडील भाविक आजही बैलगाड्या जुंपून तेथे येतात. दक्षिण गोव्यातून निघालेल्या मोटारीची खरी परीक्षा मात्र कद्र्याच्या पुढे सुरू होते. तोवर जवळजवळ सपाट असलेला रस्ता काही किलोमीटरांत शेकडो मीटर उंची चढतो. गाडीत पाच माणसे, मागे सामान, एसी चालू आणि इंजिन दहा-बारा वर्षांचे. अशा वेळी एखाद्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. दोन्ही बाजूंना काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य असते आणि हाकेच्या अंतरावर गॅरेज नसते.

हा प्रसंग ओढवण्याची शक्यता आता वाढली आहे. एप्रिल 2020 मध्ये ‘बीएस-6’ निकष लागू झाले आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. इतर कंपन्यांच्या लहान डिझेल मोटारीही एकामागून एक बाजारातून गेल्या. त्यामुळे ज्याला माफक किमतीत डिझेल गाडी हवी आहे, त्याला बहुतेक वेळा जुनीच घ्यावी लागते. अशा गाडीविषयी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. तापणे हा आजार नाही, ते लक्षण आहे. गाडी केव्हा आणि कोणत्या स्थितीत तापते, हे नीट पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते.

डिझेलच्या ज्वलनातून निघालेल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. याच वाटेवर असलेल्या कैगा अणुवीज केंद्रालाही नको असलेली उष्णता टाकण्यासाठी कद्रा जलाशयाचे पाणी लागते, ते याच न्यायाने. मोटारीत वॉटर पंप पाणी फिरवतो. ते सुमारे 82 ते 88 अंशांना पोहोचले की थर्मोस्टॅट उघडून त्याला रेडिएटरकडे सोडतो, आणि तेथे वारा त्याला थंड करतो. रेडिएटरचे झाकण ही साधी बूच नसून दाब राखणारी झडप असते. त्या दाबामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की बाकी सारे ठीक असूनही पाणी लवकर उकळते. म्हणून तपासणीची सुरुवात या सर्वांत स्वस्त वस्तूपासून करावी.

आता वेळेचा विचार करू. गाडी रस्त्यावर धावताना ठीक, पण सिग्नलला किंवा वाहनांच्या रांगेत तापत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगात असताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी लावताच बहुतेक गाड्यांत विजेचा पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि मोटर पाहावी. उभे असताना डिझेल इंजिन फारच थोडे इंधन जाळते. तरीही ते तापत असेल, तर दोष किरकोळ समजू नये.

उलट, सपाटीवर शांत असलेली गाडी चढणीवर किंवा दीर्घ वेगात तापत असेल, तर पाण्याचा किंवा वाऱ्याचा प्रवाह अपुरा आहे. विहिरीचे वा बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. बाहेरून त्याच्या जाळीत धूळ, किडे आणि सुकी पाने अडकतात. पट्टा घसरत असेल किंवा पंपाची पाती झिजली असतील, तरी हेच घडते. थंड गाडी सुरू केल्यावर अवघ्या काही मिनिटांत काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा, पाणी कमी असावे किंवा आत हवा कोंडली असावी.

येथे एका रूढ उपायापासून सावध राहिले पाहिजे. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. गाडी थोडे दिवस तापत नाही, म्हणून मालक खूश होतो. पण इंजिन नेहमीच गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल अधिक जळते, झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परततो, आणि गाडी नेमकी घाटात तापते.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे खाली थेंबही न दिसता पाणी कमी होत जाणे. हेड गॅस्केट फुटले, हेडला तडा गेला किंवा ईजीआर कूलर गळू लागला, तर पाणी सिलिंडरात जाऊन पांढऱ्या धुरावाटे निघून जाते. पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे, थंड इंजिन सुरू करताच दगडासारखा कडक होणारा रबरी पाइप आणि दुधाळ चहासारखे झालेले ऑइल या त्याच्या खुणा. गोव्याच्या पावसाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस निव्वळ दमटपणानेही धरतो, तेवढ्यावरून घाबरू नये. खात्रीसाठी गॅरेजमध्ये रसायनाची चाचणी करून घ्यावी. टाकीतील हवेत ज्वलनाचा वायू मिसळला असेल, तर निळ्या द्रावाचा रंग बदलतो. हेड उघडण्याचा निर्णय या चाचणीनंतरच घ्यावा.

जुनी गाडी घेताना ती थंड असतानाच पाहायला जावे. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. झाकण उघडल्यावर तांबूस गढूळ पाणी दिसले, तर कूलंटऐवजी साधे पाणी चालवल्याचे समजावे. चाचणी फेरी शहरात न घेता चढणीवर, एसी लावून घ्यावी.

आणि घाटात काटा चढलाच तर? एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. तो लहानशा रेडिएटरचेच काम करतो. काटा वर असूनही हीटरमधून थंड हवा आली, तर पाणी संपले आहे किंवा फिरत नाही. काटा लाल रेषेला भिडताच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. चढलेला काटा एकाएकी खाली पडला, तरी हायसे वाटून घेऊ नये. पाणी निघून गेल्यावर संवेदक कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलतो. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये, कारण दाबाखालचे पाणी उसळून चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास अॅल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो.

उळवीच्या वाटेवरचा गाडीवान बैलांना धाप लागली की जू उतरवतो, पाणी दाखवतो आणि मगच पुढे निघतो. आपण मात्र आता माथा जवळ आला म्हणून काट्याकडे डोळेझाक करतो. काही शे रुपयांच्या झाकणावर निभावणारे काम हजारोंच्या हेडपर्यंत जाते, ते बहुधा त्या शेवटच्या दोन किलोमीटरांत.