फेकलेला टोमॅटो, वाळलेली मेथी आणि आपले आरोग्य

टोमॅटोचा भाव कोसळला की आठवडी बाजाराच्या कडेला लाल चिखल होतो. हे दृश्य आपल्याकडे कुणाला नवे नाही. गाडीभाडेही सुटत नाही म्हणून शेतकरी माल तेथेच ओततो आणि रिकामी कॅरेट घेऊन घरी परततो. पुढे उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर तोच टोमॅटो इतका महागतो की गृहिणी पावशेर घेताना दोनदा विचार करते. आरोग्याच्या सदरात बाजारभावाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ताटातली भाजी ज्या दिवसांत नाहीशी होते, त्या दिवसांचा परिणाम माझ्या दवाखान्यात दिसतो. फिकट जिभा, निस्तेज डोळे, जिना चढताना लागणारी धाप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खा म्हणून सांगते. भरल्या हंगामात हे जमते, एरवी बटाटा आणि डाळीवर दिवस निघतात.

माल किती वाया जातो याचा हिशेब लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली दिला आहे. टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के, पेरूची १५.८८ टक्के. भाव पडल्यावर रस्त्यावर ओतला जाणारा माल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. शिवाय ढिगात कुजणाऱ्या भाजीतून मिथेन नावाचा वायू निघतो. हवा तापवण्यात तो कर्बवायूच्या पंचवीस पटींहून अधिक जोरदार. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील तापमानवाढीच्या वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू वाया गेलेल्या अन्नाच्या वाट्याला जातात. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान, आपल्या ताटाचे नुकसान आणि वर हवेचेही नुकसान.

यावर काही तरुण मंडळींनी उद्योग काढले आहेत. हल्ली त्यांना 'स्टार्टअप' म्हणतात. हा शब्द ऐकला की बंगलोर, संगणक आणि कोट्यवधींचे आकडे आठवतात. मी आज सांगणार आहे तो उद्योग मात्र आपल्याच मातीतला आहे आणि त्याचे मूळ आपल्या आजीच्या वाळवणात आहे.

उन्हाची भट्टी

मुंबईला माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. जुन्या लोकांना ती यूडीसीटी या नावाने माहीत असेल. तेथे शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी यांनी भाजी वाळवण्याचे एक सौर यंत्र तयार केले आणि 'एस फॉर एस टेक्नॉलॉजीज' नावाची कंपनी काढली. यंत्र दिसायला साधे आहे. गडद रंगाच्या धातूच्या पत्र्यावर भाजीच्या पातळ चकत्या पसरायच्या, वर पारदर्शक आच्छादन. ऊन पत्र्याला तापवते आणि ती ऊब खालून थेट चकतीला मिळते. तव्यावर भाकरी भाजते तशी, पण मंद. भाजीतून निघालेली वाफ गरम हवेबरोबर बाहेर पडते. वीज लागत नाही.

वीज लागत नाही हे मी मुद्दाम लिहितो, कारण येथेच खरी मेख आहे. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. १०० किलो टोमॅटो वाळवले की हाती जेमतेम साडेसहा किलो माल येतो, बाकीचे पाणी उडवावे लागते. एवढे पाणी वाफ करून उडवायला किमान ६० युनिट विजेइतकी उष्णता हवी. प्रत्यक्ष विजेच्या यंत्रात याहून जास्तच जाते. लहान शेतकरी हा खर्च कोठून करणार? आणि वीज वेळेवर येते कोठे! सूर्य मात्र मराठवाड्यात वर्षातले बहुतेक दिवस फुकट तापतो.

कंपनी ही यंत्रे गावातील स्त्रियांच्या हाती देते. त्या शेताजवळच कांदा, टोमॅटो, आले वगैरे चिरून वाळवतात आणि तयार माल कंपनी विकत घेते. तो पुढे खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे आणि खानावळींच्या मुदपाकखान्यांत जातो. २०२३ च्या नोव्हेंबरात सिंगापूरला या कामाला 'अर्थशॉट' पारितोषिक मिळाले. दहा लाख पौंडांचे हे पारितोषिक कचरामुक्त जगाच्या विभागातले होते.

कौतुक झाले. आता माझ्या मनातली शंकाही सांगतो. वाळवलेला कांदा शहरातल्या हॉटेलाच्या रश्श्यात किंवा मसाल्याच्या पाकिटात गेला, तर वाळवणाऱ्या बाईला पैसे मिळतात, ही मोठीच गोष्ट आहे. बाईच्या हातचा पैसा घरच्या खाण्यावर खर्च होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहतो. पण तिच्या स्वतःच्या अंगातले रक्त त्याने आपोआप वाढत नाही. मला वाटते, अशा मालातला काही वाटा गावच्या अंगणवाडीत, आश्रमशाळेत आणि तिच्या घरच्या डब्यात राहिला पाहिजे. उन्हाळ्यात मुलांच्या खिचडीत मूठभर वाळलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला पडला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

वाळवले की सत्त्व जाते का?

हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो. उत्तर असे, की काही जाते आणि काही राहते. लोह, कॅल्शियम, चोथा हे घटक पाण्याबरोबर उडून जात नाहीत. उलट पाणी गेल्यामुळे वजनाच्या मानाने ते वाढलेले दिसतात. 'क' जीवनसत्त्वाचे मात्र मोठे नुकसान होते. 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून बनते, तो पालेभाजीतला घटक उघड्या उन्हाच्या प्रकाशात नासतो. म्हणून पालेभाजी कडक उन्हात पसरून पिवळी करण्यापेक्षा सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. यंत्रात वेळ कमी लागतो, माश्या-धूळ लागत नाही, एवढा त्याचा फायदा आहे.

आता 'क' जीवनसत्त्व गेले म्हणजे लोहाचे शोषणही घटले, कारण पालेभाजीतले लोह अंगी लागायला 'क'ची सोबत लागते. उपाय सोपा आहे. वाळलेल्या मेथीची भाजी किंवा आमटी पानात वाढल्यावर वरून लिंबू पिळावे. शिजवताना टाकलेल्या लिंबाचा तेवढा उपयोग होत नाही. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तास-दीड तास थांबावे. चहा त्या लोहाला अडवतो.

ताजी भाजी मिळत असताना वाळलेली खावी, असे मी मुळीच म्हणत नाही.

बुरशीशी गाठ

वाळवण्यामागचे शास्त्र आजीला अनुभवाने ठाऊक होते. जंतूंना आणि बुरशीला जगायला ओल लागते. ओल एका मर्यादेखाली गेली की त्यांची वाढ थांबते. पण अर्धवट वाळलेला माल हा सर्वांत धोक्याचा. मिरची, शेंगदाणा, मका यांवर ओल राहिली की हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा छडा लागला. आपल्या देशात १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृत बिघडून दगावली. थोडेथोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. नेहमीच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही.

म्हणून बुरशी आलेला माल झटकून, धुऊन, परत ऊन दाखवून वापरू नका. "डॉक्टरसाहेब, एवढं महागाचं कसं टाकायचं?" असे एका आजींनी मला विचारले होते. मी म्हणालो, "आजी, टाकायचंच. आणि गुरांनाही घालू नका, ते दुधातून परत आपल्याकडे येतं."

खरकट्याची चूल

वाळवण्याजोगे नसलेले जे उरते, त्याचे काय? पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधा विचार मांडला. शेण हे गुराने आधीच पचवलेले अन्न, त्यात गॅस फार उरत नाही. मग न पचलेले अन्नच टाकीत का घालू नये? पिठूळ खरकटे, नासकी फळे, निकामी धान्य. संस्थेचा हिशेब असा, की शेणाच्या संयंत्राला ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात तेवढा गॅस अशा दोन किलो मालातून एका दिवसात निघतो. २००६ साली या कामाला 'ॲश्डेन' पारितोषिक मिळाले.

डॉक्टर म्हणून मला यात रस आहे तो धुरामुळे. घरातील चुलीच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मात कधी विडी न ओढलेल्या बाईची छाती विडी ओढणाऱ्यासारखी वाजते, तेव्हा चुलीची चौकशी करावी लागते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघर आले, पण ते पुन्हा भरायला पैसे नसले की बाई चुलीपुढे बसतेच. घरच्या खरकट्यावर सकाळचा चहा आणि एक वरण झाले, तरी तेवढा धूर छातीत जाणे टळले.

पुण्याच्याच 'इकोझेन' कंपनीने शेताच्या बांधावर ठेवायची सौर थंड खोली बनवली आहे. सुमारे पाच टन माल मावतो. दिवसा उन्हावर तयार झालेला गारवा साठवून रात्री वापरला जातो. किंमत मात्र एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची, गटाने किंवा सोसायटीने घेतली तर जमेल.

घरी वाळवायचे असेल तर

यंत्र नसले तरी हंगामात स्वस्त भाजी घरी वाळवता येते. गवार, भेंडी, मेथी, टोमॅटो चालतात. भाजी स्वच्छ धुवा. गवारीसारख्या शेंगा दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून काढा, रंग व चव टिकते. चकत्या पातळ आणि एकसारख्या हव्यात. बाज किंवा स्टुलावर, जमिनीपासून उंच, स्वच्छ कापडावर पसरा आणि वर मलमल झाका. संध्याकाळी घरात घ्या, नाहीतर दवाने ओल परत धरते. वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे, चामड्यासारखी लवचिक राहिली तर अजून एक ऊन द्या. टोमॅटो वाळायला वेळ घेतो, ढगाळ दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नका. काचेच्या घट्ट बरणीत भरून चार-पाच दिवस लक्ष ठेवा. बरणीला आतून दव धरले तर माल काढून पुन्हा वाळवा. भिजवलेली भाजी मात्र ताज्या भाजीसारखीच समजावी. रात्रभर ओट्यावर ठेवू नये.

दम्याच्या रोग्यांनी बाजारातला सुका मेवा घेताना पाकीट वाचावे. जर्दाळू वगैरेंचा रंग तकतकीत राहावा म्हणून गंधकाचा पदार्थ वापरतात आणि त्याने काहींना दम्याचा झटका येतो. पाकिटावर २२० ते २२८ यांपैकी क्रमांक दिसला की ते बाजूला ठेवा. रक्तदाबाच्या रोग्यांना मी पापड, सांडगे, मिठातल्या मिरच्या बंद करायला सांगतो, तेव्हा "मग वाळवणच बंद का?" असे विचारतात. तसे नाही. नुसत्या उन्हाने वाळवलेल्या गवारीत मीठ नसते. ती अशा रोग्यांनी खुशाल खावी, फोडणीत मीठ बेताने घालून.