गाडीतला वारा का मंदावतो?

हंगामात आम्ही फडाफडांतून फिरतो. मार्चच्या उन्हात आमच्या गाडीतला वारा येईनासा झाला. पंखा चारवर, घरघर मोठी, पण रुमाल हलेना. एका गॅरेजात न पाहताच निदान झाले, "गॅस भरा!" भरला. पैसे गेले, वारा होता तेवढाच.

शेवटी गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीने डाव्या बाजूचा कप्पा उतरवून त्यामागचा केबिन फिल्टर ओढून काढला. धूळ आणि बगॅसच्या भुशाने तो गच्च! नवा बसवला अन् वारा सुटला.

सभासद बंधू-भगिनींनो, गॅसचा संबंध गारव्याशी, वाऱ्याचा पंख्याशी आणि वाटेशी. आवाज मोठा, वारा कमी, तर आधी फिल्टर पाहा. शेवटच्याच नंबरवर पंखा फिरत असेल तर बहुधा रेझिस्टर जळालेला असतो. मुळीच फिरत नसेल तर प्रथम फ्यूज बघा. वारा सुरुवातीला जोरात, मग मंद आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक, असे झाले तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. फिल्टर साफ असूनही असे होत असेल, तर मात्र गॅस तपासून घ्या.

कागदी फिल्टर धुऊ नका. नवा बसवताना बाणाची दिशा पाहा. काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा.

हा चैनीचा विषय नव्हे. पहाटे काचेवर वाफ धरली अन् वारा नसला, तर पुढची उसाची ट्रॉली दिसत नाही. म्हणून हंगामापूर्वी एकदा तो कप्पा उघडाच.